न फोडणारे

आष्टी,
९ मार्च २००३

बद्रीनाथ गाडेकर यांना,

वर नमस्कार लिहायचा राहून गेला असं समजू नका. लिहिलाच न्हाई. सहा वर्षं तुमच्या पाया पडून सणवार केले, आता कागदावर तरी सुटका असू द्या.

मी आष्टीला तातेरावदादाकडं पोचले. तुम्ही विचारलं न्हाई तरी कळवते, न्हाईतर उद्या जाफराबादेत सांगाल की बायको न सांगता पळाली. मी सांगून आले. तुम्ही दुकानातून येऊन ओट्यावर डोक्याला हात लावून बसला होता आन मी पिशवी घेऊन तुमच्यासमोरून गेले. ‘जाते’ म्हटलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. बायको घर सोडून चालली तर ‘बरं’ म्हणणारा गडी सगळ्या तालुक्यात एकच असंल.

माझी शिलाई मशीन आन चार लुगडी कुणाच्या हाती पाठवून द्या. ती लोखंडी पेटी तुमची तुम्हाला लखलाभ. लग्न करून आले तेव्हा म्हणाला होता, ‘यात कंपनीची कागदं हायेत, हात लावू नको.’ मी बावळट, दर दिवाळीला ती वरून पुसून ठेवायची. आन आत काय? साडेतीनशे फुगे! लाल, हिरवे, दुधाळ, माणसाच्या छातीएवढे होणारे. मुंबईहून पार्सलनं मागवलेले. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर लावलेली. माझा पावडरचा डबा महिन्यात काहून संपायचा ते आता कळलं. मी उगीच स्वतःला उधळी समजत होते.

कुणाचा नवरा पितो, कुणाचा जुगार खेळतो. त्यांच्या बायका नळावर उभं राहून रडून तरी घेतात. मी काय सांगू? सवत असती तर तिच्या झिंज्या धरल्या असत्या. हिला काय करू, टाचणी लावू?

बाजारच्या दिवशी तुमच्या कृषी सेवा केंद्राच्या शटरला कुणी शंभर फुगे बांधले ते मला ठाऊक न्हाई. पण मी तिथं होते. समोर भेळीच्या गाड्याजवळ उभी होते. कुणीतरी तुमच्या पाठीमागं एक फोडला आन तुम्ही दोन्ही कान धरून सरकीच्या पोत्याआड खाली बसलात. पस्तिशीचा माणूस! सगळा बाजार हसला. मी पण हसले. तोंडात पदर धरून हसले. काहून हसू नये?

गावाला कसं कळलं, कसं कळलं म्हणून तुम्ही तीन दिवस घरात येरझारा घालत होता. मला काय विचारता? जालन्याला तुमचा जिगरी दोस्त हाय ना, महेमूद, कॉम्प्युटरचं दुकान टाकलेला. त्याच्याच दुकानात बसून तुम्ही परमुलखातल्या लोकांशी बोलायचात, त्याच्याच मशीनवर त्या बोलण्याचे कागद छापून घरी आणलेत. त्याला विचारा की.

शिलाई मशीन जल्दी पाठवा. इथं बसून खायची मला सवय न्हाई.

कौसल्या
(आडनाव लिहीत न्हाई)


आष्टी,
२२ जून २००३

बद्रीनाथ यांना,

मशीन मिळाली. तुमचं सात पानांचं पत्र पण मिळालं. सहा वर्षांत तुम्ही माझ्याशी सलग सात वाक्यं बोलला न्हाईत, आन आता सात पानं. अक्षर मात्र छान हाय, पावती पुस्तकावर असतं तसं.

वाचलं सगळं. तुम्ही लिहिता, लहानपणी जत्रेत कानाशी फुगा फुटला तेव्हापासून त्या आवाजाची दहशत बसली. लग्नाच्या मांडवात फुगे दिसले की घाम फुटायचा. मंग पुढं मोठेपणी त्याच भीतीचं कधी उलटं झालं, ते तुमचं तुम्हालाच कळलं न्हाई. पुरता भरलेला फुगा दोन्ही हातांत धरला की आता जातोय, आता जातोय असं वाटतं, आन तो जात न्हाई, तेव्हा जीव थंड होतो म्हणे. रबराचा वास, ताणलेल्या रबराचा तो करकर आवाज, यांनी तुम्हाला बायकोजवळ असल्यासारखं वाटतं. बायको त्या वेळी मागं भाकरी थापत होती, बरं का. हसावं का ओकावं ते मला समजंना.

आन तुमची ती जमात! कॉम्प्युटरवर बाराशे माणसांचा गट. जर्मनीतला पाववाला, कॅनडातली नर्स, बिलासपूरचे रिटायर झालेले रेल्वेवाले काका. सगळे सभ्य, सगळे एकमेकांना ‘आज कसे आहात’ विचारणारे. तीस वर्षं वाटत होतं की जगात असा मी एकटाच, आन त्या दिवशी महेमूदच्या दुकानात बसून रडलो, असं लिहिलंय तुम्ही. रडायला पण तुम्हाला जर्मनीचा पाववाला लागला.

त्यात पण दोन जाती हायेत हे वाचून तर मी मशीनवरून उठलेच. फोडणारे आन न फोडणारे. फोडणारे म्हणतात न फोडणारे भित्रे. न फोडणारे म्हणतात फोडणारे कसाई. साता समुद्रापार जाऊन पण भावकीच केली तुम्ही लोकांनी! आन तुम्ही न फोडणारे, ते पण कसं छाती पुढं काढून लिहिलंय, जशी गळ्यात माळच घातलीय.

औरंगाबादला मनाच्या डॉक्टरकडं जाऊन आलात म्हणे. तो म्हणाला, यात कुणाला इजा न्हाई, कुणावर जबरदस्ती न्हाई, मंग याला रोग कशाला म्हणायचं? लपवून ठेवल्यानं जड झालं, बायकोला सांगा. वा! एवढं सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे होता? आन जायचंच होतं तर लग्नाआधी काहून गेला न्हाईत?

महेमूदबद्दल लिहिलं ते वाचलं. तुम्ही त्याच्या दुकानात उभं राहून चार गिऱ्हाइकांपुढं म्हणालात की इथं माणसाची खासगी कागदं गावभर वाटली जातात. त्यानं कसम खाल्ली तरी तुम्ही ऐकलं न्हाई, पंधरा वर्षांची दोस्ती तोडून आलात. बरं केलं. म्हणजे, तुमचा दोस्त, तुम्ही जाणा.

त्या कागदांचं मला पुन्हा विचारू नका. मला त्यातलं काही माहीत न्हाई.

कौसल्या


आष्टी,
१६ नोव्हेंबर २००३

बद्रीनाथ यांना,

दादानं परतूरच्या वकिलाकडून अर्ज लिहून आणलाय. फारकतीचा. त्यात लिहिलंय की नवरा बायकोसोबत संसार करायला शरीरानं असमर्थ हाय. याचा अर्थ तुम्हाला कळतो. दादा म्हणतो, फुग्यांचं लिहिलं तर कोर्ट हसत बसंल आन तारखा पडत राहतील. हे लिहिलं की तू जल्दी मोकळी.

तुम्हाला निरोप धाडला तर तुमचं उत्तर आलं, ‘कौसल्या म्हणंल तिथं सही करतो.’

कसले हो माणूस तुम्ही? ते खोटं हाय. तुम्हाला माहीत, मला माहीत. त्या बाबतीत तुम्ही कधी कमी पडला न्हाईत. पण हे मी माझ्या भावाला कोणत्या तोंडानं सांगू? सांगायचं तुम्ही होतं. उठून आष्टीला यायचं होतं, दादाच्या ओट्यावर उभं राहून म्हणायचं होतं की हे बिलकुल लिहू देणार न्हाई. फुगा दाबला तर तो पण उलटा दाबतो. तुमच्यात तेवढं पण न्हाई.

इथलं म्हणाल तर ठीक चाललंय. बेबीनंदावहिनी मनानं वाईट न्हाई, पण पाहुणे आले की मला आत बसायला सांगते. झंपर शिवायला बाया येतात, माप देताना एकमेकींकडं बघतात. नळावर मला कुणी कौसल्या म्हणत न्हाई. ‘फुगेवाल्याची’ म्हणतात. परवा एक म्हातारी म्हणाली, ‘पोरी, तुझ्यात काय कमी होतं गं, की त्याला रबर लागलं?’ मी तिला बोलले ते बोलले, पण सुईत दोरा ओवायला त्या दिवशी मला अर्धा तास लागला. हे सगळं तुमच्यामुळं.

महेमूदनं दुकान बंद केलं असं कानावर आलं. दुकानातल्या त्याच्या कॉम्प्युटर क्लासला येणाऱ्या पोरींच्या आया म्हणाल्या, तिथं कागद फुटतात, तिथं घाण चालते. आता तो तहसीलसमोर टेबल टाकून टाईप करून देतो म्हणे. त्याची बायको मैमूना पोटुशी होती ना? काय झालं तिला, कळलं तर लिहा.

मी उगीच विचारलं. न्हाई लिहिलं तरी चालंल.

अर्जावर मी अजून सही केलेली न्हाई. त्यातून काही अर्थ काढू नका. शाई संपली होती.

कौसल्या


आष्टी,
२ फेब्रुवारी २००४

अहो,

आता लिहिते ते एकदाच लिहिणार हाय. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार न्हाई.

गेल्या रविवारी साहेबराव मला बघायला आल्ता. दादाचा दोस्त. बियाण्याच्या कंपनीची जीप घेऊन दुकानं फिरतो, तुमच्या दुकानात पण यायचा. पहिली बायको वारली हाय त्याची. अर्ज अजून घरातच पडलाय तरी दादाला घाई झालीय.

मी चहा घेऊन गेले. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आन म्हणाला, ‘तुम्हाला एक गंमत सांगू का? त्या बाजारच्या दिवशी शटरला फुगे मीच बांधले होते. पुरे शंभर. फोडला तो पण मीच.’

दादा हसला. म्हणाला, ‘आयडिया माझी.’

मी विचारलं, ‘तुम्हाला कळलं कसं होतं?’

‘कळायचं काय त्यात? तुमच्या दादानंच पानटपरीवर कागद वाचून दाखवले. एकेक ओळ मराठी करून. पोट दुखलं आमचं.’

असं म्हणून त्यानं खिशातून एक फुगा काढला. घेऊनच आल्ता तो. गाल फुगवून भरला, गाठ मारली, माझ्या कानाजवळ आणला आन शिलगवलेली सिगारेट लावली. माझ्या हातातला ट्रे हलला, चहा माझ्या पायावर सांडला. ते दोघं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. साहेबरावच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी त्याच्या तोंडाकडं बघत राह्यले. फुग्याचं त्याला काही न्हाई. दुसरा दचकतो, त्याची त्याला चव हाय. आन अशा माणसाला कुणी डॉक्टरकडं पाठवत न्हाई. त्याला मुली दाखवतात.

मी आत गेले आन उरलेला चहा मोरीत ओतला. वहिनीला म्हटलं, त्या माणसाला सांगा, मला न्हाई पटला. दादा आत येऊन म्हणाला, ‘फुगेवाल्यानं टाकलेल्या बाईला आता राजा येणार हाय का?’ मी म्हटलं, ‘त्यानं टाकलं न्हाई. मी निघून आले.’ त्यानं हात उगारला, मारला न्हाई.

आता तुम्ही विचाराल, दादाकडं कागद कुठून आले.

मी दिले.

मागच्या वर्षी संक्रांतीला आष्टीला आल्ते तेव्हा. निघायच्या दिवशी घरी तुम्ही आंघोळीला गेला होता आन पेटीला कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. फुगे बघितले, खाली कागद बघितले. मला इंग्रजी येत न्हाई. कुठल्या बाईची पत्रं असतील असं वाटलं. पदराआड घालून आणले आन दादाला म्हटलं, वाच, पण कुणाला सांगू नको.

हे पण अर्धं खोटं हाय. ‘कुणाला सांगू नको’ असं मी म्हटलं न्हाई. तोंडाशी आलं होतं, म्हटलं न्हाई. दादा कसा हाय ते मला लहानपणापासून माहीत. दोन दिवसांनी कागद परत आणून ठेवले, तुम्हाला पत्ता लागला न्हाई. मंग गावात बोभाटा झाला आन तुम्ही येरझारा घालायला लागलात, तेव्हा मी महेमूदचं नाव घेतलं. तुम्हाला पटलं. परजातीचा माणूस, त्याचंच दुकान, त्याचंच मशीन. पटायला काय वेळ लागतो? मला ठाऊक होतं लागणार न्हाई.

काहून केलं ते पण सांगते. त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी मी शेजारून लवकर आले. खिडकीतून बघितलं तर तुम्ही खाली सतरंजीवर बसला होता, मांडीवर एक मोठा लाल फुगा, त्याला गाल लावून डोळे मिटलेले. दुसरं काही न्हाई. वंगाळ काही न्हाई. पण तुमच्या तोंडावर जे होतं ते सहा वर्षांत माझ्याजवळ असताना मी एकदा पण बघितलं न्हाई. मी खिडकीतून मागं सरले, अंगणात भांडी आपटली, तुम्ही गडबडीनं पेटी बंद केल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून मी तुमच्याकडं बघायचे आन मनात म्हणायचे, माझ्यासाठी एकदा कर ते तोंड. तुम्ही मीठ मागायचात, पाणी मागायचात.

मला माफ करा असं लिहिणार न्हाई. कागद चोरल्याची माफी एक वेळ मागता येईल. महेमूदच्या दुकानाची कशी मागू?

कौसल्या


जालना,
५ मार्च २००४

अहो,

तुमचं उत्तर आलं न्हाई. आलं नसंल, किंवा दादानं फाडलं असंल. मी आष्टी सोडली. मशीन वहिनीकडं ठेवली, तिनंच सवारीच्या जीपमध्ये बसवून दिलं. दादाला सांगू नका, असं मी तिला म्हटलं. जालन्यात बियाण्याच्या गोदामात पाकिटं भरायचं काम मिळालंय. सगुणाबाई म्हणून एक विधवा बाई तिथंच काम करते, तिच्या खोलीत राहते. तिनं विचारलं, ‘नवरा काय करतो?’ मी म्हटलं, ‘बियाण्याच्या दुकानात हाय, जाफराबादला.’ तिनं पुढं काही विचारलं न्हाई. वर्षभरात कुणी मला साधं ‘अगं कौसल्या’ म्हटलं न्हवतं, ती म्हणते.

अर्ज मी फाडला. फारकत पाहिजे असंल तर दोघांनी मिळून मागू, पण जे खरं न्हाई त्याच्यावर मी अंगठा पण उठवणार न्हाई. आन तुम्ही पण उठवायचा न्हाई. जगात कुणी काही म्हणो, तुम्ही आपल्या हातानं स्वतःला नामर्द लिहून देणार होता, माझी दुसरी सोयरीक व्हावी म्हणून. याचा राग मला फुग्यांपेक्षा जास्त आलाय.

गेल्या सुट्टीला महेमूदभाईकडं गेल्ते. पत्ता विचारत विचारत. मैमूनानं दार उघडलं, कडेवर पोरगी. चार महिन्यांची हाय, नाव हसीना. मी कोण ते तिनं ओळखलं. पाणी दिलं, पण पेला हातात दिला न्हाई, फरशीवर ठेवला. मी तो उचलून प्याले. महेमूदभाई नमाजहून येईस्तोवर ती पोरीला घेऊन आतच राह्यली.

मी उभ्यानंच सांगून टाकलं. कागद मी चोरले, मी दिले, तुमचं नाव मी घेतलं.

तो चटईवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, ‘मालूम था, भाभी.’

‘कसं?’

‘एकच कॉपी काढली होती मी. लिफाफ्यात घालून, चिकटवून बद्रीच्या हातात दिली. माझ्याकडून गेली न्हाई, त्यानं तर दिली नसती. घरात दुसरं कोण होतं?’

मी म्हटलं, ‘मंग बोलला काहून न्हाईत? तो चार माणसांत तुम्हाला चोर म्हणाला, दुकान गेलं तुमचं.’

तो म्हणाला, ‘तुमचं नाव घेतलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. मंग त्याला बायको परत येईल ही आस पण राह्यली नसती. त्याच्याजवळ होतोच किती जण आपण? दोन. मी म्हटलं, दोस्त गेला तर माणूस जगतो.’

तेवढ्यात मैमूना आतून बोलली. ‘आन आम्ही? आम्ही कशावर जगायचं, ते यांनी ठरवलं न्हाई. तुम्ही पण न्हाई. तुमच्या त्या बद्रीनं पण न्हाई.’ पोरगी रडायला लागली तशी ती तिला घेऊन मागच्या दाराला गेली. तिचं बराबर हाय.

मंग मी काय केलं ते ऐका. ज्या पोरी क्लासला यायच्या त्यांची नावं मी महेमूदभाईकडून घेतली. अकरा घरं हायेत. गोदाम सुटलं की रोज दोन घरी जाते आन त्यांच्या आयांना सांगते, त्या दुकानातून एक कागद फुटला न्हाई, तो मी चोरला, आपल्या नवऱ्याचा. काहून चोरला, कसला होता, ते विचारतात. सांगते. काही हसतात. एका बाईनं मला बाहेर काढलं. एक म्हणाली, पोरीला पुन्हा पाठवते. सहा घरं झाली, पाच राह्यली.

तुमच्या फुग्यांचं म्हणाल तर मला अजून काही समजलेलं न्हाई. गोदामाबाहेर फुगेवाला दिसला की अंगावर काटा येतो, आन हसू पण येतं. हे लपवणार न्हाई. तुम्ही माझ्यापासून लपवलंत, तो राग खरा हाय आन तो मी ठेवणार हाय. पण शटरला शंभर फुगे बांधणाऱ्यांत माझा हात होता, हे आता मला कुणी सांगायची गरज न्हाई.

हे पत्र पोस्टात टाकलं न्हाई. टाकलं असतं तर तुम्ही वाचून घडी घालून उशाखाली ठेवलं असतं आन ‘बरं’ म्हणून बसला असतात. तुम्हाला मी ओळखते. महेमूदभाई कुणाच्या तरी दस्ताच्या कामानं जाफराबादला येऊन राह्यला, म्हणून त्याच्याच हाती दिलंय. त्याला म्हटलं, देऊन निघून या. तो म्हणाला, ‘न्हाई भाभी, उभा राहीन.’

म्हणजे हे वाचून राह्यलात तोवर तो ओट्याखाली उन्हात उभा हाय. सकाळची पहिली गाडी पकडून निघाला, काही खाल्लेलं नसंल.

उठा. आधी त्याला आत घ्या. माझं मंग बघू.

कौसल्या